पाकाविना लाडू

सोलापूर,
४ जानेवारी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस की सकाळी आठच्या तासिकेच्या वेळी खानावळ उघडलेली नसते, म्हणून चहाबरोबर चार बिस्किटे खाऊन तू निघतेस आणि अकराच्या सुमारास हातपाय गळून जातात. ते ऐकल्यापासून मला चैन पडलेले नाही. आईने डिंकाचे लाडू करायला घेतलेच आहेत, पण ते तुझ्या खोलीवर आठवड्याच्या आत संपतात आणि वसतिगृहात गॅस किंवा शेगडी ठेवण्यास मनाई असल्यामुळे तुला ते तिथे करता येणार नाहीत. तू ज्यांना एनर्जी बाइट्स म्हणालीस, ते सुक्या मेव्याचे लहान लाडू मात्र आचेवाचून होतात. त्यांना तुमच्या खोलीतला मिक्सर आणि तुझे दोन हात पुरेत. गेले तीन रविवार मी ते घरी करून पाहिले आणि जे हाती आले ते सविस्तर लिहितो आहे.

आच लागत नाही म्हणून हे लाडू सोपे आहेत असे समजू नकोस. डिंकाच्या लाडवात सगळी कसोटी गुळाच्या पाकाची असते. पाक कच्चा राहिला तर लाडू बसतात आणि पुढे गेला तर ते फोडायला बत्ता घ्यावा लागतो, हे तू आईजवळ बसून अनेकदा पाहिले आहेस. या लाडवांतही पाक आहे, फक्त तो आपण करत नाही, खजुरात तो तयारच असतो. मऊ खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरेचा आणि सुमारे पाचवा हिस्सा पाण्याचा असतो, आणि ती साखर ते पाणी इतके धरून ठेवते की बुरशीला आणि जंतूंना ते सहजी मिळत नाही. लाडू वळला जातो तो या चिकटपणामुळे आणि टिकतो तोही त्याचमुळे. म्हणून खजुराची ओल हाताला ओळखता येणे, एवढे एक तू शिकलीस की बाकीचे आपोआप जमेल.

बाजारात खजूर घेताना बोटांनी दाबून पाहावा. अर्धा किलोच्या पाकिटात दाबून भरलेला साधा काळा खजूर या कामाला उत्तम आहे. इराणहून येणारा डबाबंद ओलसर खजूर खायला फार गोड लागतो, पण त्याचे लाडू सैल होतात. खारीक आणि खजूर यांची गल्लत करू नकोस, कारण खारीक पूर्ण वाळलेली असल्याने ती काहीही बांधून धरत नाही. तिची पूड मात्र जवळ असू दे, मिश्रण सैल झाले तर दोन चमचे पूड त्याला सावरते. प्रत्येक खजूर उभा चिरून, आत कीड नाही ना हे उजेडात पाहून मगच बी काढावी. बी नसलेला म्हणून विकला जाणारा खजूरही असाच तपासावा, कारण चुकून राहिलेली एक बी मिक्सरचे पाते आणि एखादीचा दात दोन्ही मोडू शकते.

आता प्रमाण सांगतो. बी काढलेला खजूर २०० ग्रॅम, मनुके ५० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, बदाम ५० ग्रॅम, अक्रोड ५० ग्रॅम, भाजलेले तीळ ३० ग्रॅम आणि सुक्या खोबऱ्याचा कीस २० ग्रॅम. हे सारे मिळून अर्धा किलो भरते आणि त्याचे २० ग्रॅमचे २५ लाडू होतात. वर अर्धा चमचा वेलची पूड, पाव चमचा सुंठ आणि चिमूटभर मीठ घालावे. मिठाने गोडवा उठून येतो, ते वगळू नकोस. काजू मी मुद्दामच घेतलेले नाहीत. ते महाग आहेतच, शिवाय शेंगदाण्याची जी खमंग चव आपल्या जिभेला लहानपणापासून लागली आहे ती त्यांना नाही. हे लाडू महागड्या मेव्याचेच असले पाहिजेत हा समज दुकानांनी पसरवला आहे असे मला मनापासून वाटते.

मनुक्यांसाठी तुला दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर तालुक्यात द्राक्षांचा बेदाणा होतो. द्राक्षे आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवून काढतात, त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि मग सावलीतल्या जाळ्यांवर ती सुमारे दोन आठवड्यांत वाळतात. हे कळल्यापासून बेदाणे घरी आणले की मी ते कोमट पाण्याने दोनदा धुतो आणि कापडावर पसरून पूर्ण कोरडे करतो. तूही तसेच कर, पण कोरडे होईपर्यंत धीर धर, कारण ओले मनुके मिश्रणात गेले की लाडवांना दोन-चार दिवसांत आंबूस वास येऊ लागतो.

मुख्य काम दळण्याचे आहे आणि माझी पहिली खेप तिथेच बिघडली. आपल्या शेंगा चटणीची सवय हाताला आहे. त्या चटणीत शेंगदाणा कुटत राहून त्याला तेल सुटू द्यावे लागते, त्याशिवाय तिला ती चव येत नाही. मी नकळत इथेही तेच केले. मिक्सर सलग फिरवत राहिलो, भांडे तापले, दाण्याचे आणि अक्रोडाचे तेल बाहेर आले, आणि वळलेल्या लाडवांवर तेल पाझरून ते हाताला निसरडे लागू लागले. शेंगदाण्यात आणि बदामात जवळजवळ निम्मे तेल असते आणि अक्रोडात त्याहूनही बरेच अधिक, तेव्हा ते बाहेर यायला वेळ लागत नाही. म्हणून शेंगदाणे, बदाम आणि अक्रोड एकत्र घेऊन मिक्सर क्षणभर फिरवावा, थांबवावा, भांडे हलवावे आणि पुन्हा फिरवावा. असे पाच-सहा वेळा केल्यावर जाड रव्यासारखा भरडा होतो. त्यात डाळीएवढे काही तुकडे राहिले तर चांगलेच, दाताखाली येतात.

भरडा परातीत काढून, त्यातला मूठभर परत भांड्यात घालून त्याच्याबरोबर खजूर आणि मनुके फिरवावेत. नुसता खजूर घातला तर त्याचा गोळा पात्यांना चिकटून बसतो आणि मोटर घुमत राहते. भरड्यामुळे तो सुटा राहतो. मग हे सगळे तीळ, खोबरे, वेलची, सुंठ आणि मीठ यांच्यासह परातीत एकत्र करून भाकरीचे पीठ मळावे तसे तळहाताच्या टाचेने मळावे. मुठीत घट्ट दाबल्यावर गोळा बोटांच्या खुणांसह उभा राहिला तर ते बरोबर झाले. भुरभुरत असेल तर आणखी दोन खजूर ठेचून घाल, पाणी किंवा दूध थेंबभरही घालू नकोस; ते घातले की आपला तो तयार पाक पातळ होतो आणि टिकण्याचे सामर्थ्य जाते. खजूर कडक निघाला तरी तो भिजवू नये. झाकणबंद डब्यात घालून डबा गरम पाण्याच्या पातेल्यात वीस मिनिटे ठेवावा, एवढ्याने तो मऊ येतो.

लाडू सुपारीपेक्षा थोडे मोठे, एका घासाचे वळावेत. सगळ्यांचा आकार सारखा असावा, म्हणजे किती खाल्ले याचा हिशेब राहतो. माझ्या अंदाजाने एका लाडवातून सुमारे ९० कॅलरी मिळतात. सकाळी निघताना दोन, पुढे भूक लागल्यास आणखी एक, इतके तुला पुरे. यात वरून साखर घातलेली नाही हे खरे असले तरी खजुराची साखर ही साखरच आहे. आईला मधुमेह आहे म्हणून मी तिला अर्ध्या लाडवाच्या पुढे जाऊ देत नाही, आणि तूही हे जेवणाच्या जागी खाऊ नकोस. चिकट पदार्थ दातांत राहतो, तेव्हा वर चूळ भरत जा. आणखी एक, मैत्रिणींना देण्यापूर्वी कोणाला शेंगदाणा किंवा अक्रोड सोसत नाही का, हे आवर्जून विचार. असे असणाऱ्याला थोडासा कणही जिवावर बेतू शकतो.

दुसऱ्या खेपेला मला वेगळाच धडा मिळाला. बाजारातून आणलेले अक्रोड जुने होते आणि मी चव न पाहता घातले. सगळे लाडू खवट लागले आणि ते टाकून द्यावे लागले याचे मला फार वाईट वाटले. अक्रोडाचे तेल हवा, उजेड आणि उष्णता यांनी लवकर खराब होते. तेव्हा प्रत्येक पाकिटातला एक अक्रोड आधी चावून पाहावा, कडवट किंवा जुन्या तेलासारखा लागला तर पाकीट परत करावे. तयार लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात या थंडीत बाहेर आठवडाभर आणि फ्रिजमध्ये तीन आठवडे चांगले राहतात. पावसाळ्यात पुण्याची हवा ओलसर असते, त्या दिवसांत ते फ्रिजमध्येच ठेव.

सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने शेजारचे काका पुण्याला येणार आहेत, त्यांच्याबरोबर डबा देतो. वरच्या थरात माझ्या तिसऱ्या खेपेचे पंचवीस लाडू आहेत, ते चांगले झाले आहेत. त्याखाली भाजून सोललेले शेंगदाणे आणि भाजलेले तीळ वेगवेगळ्या पुड्यांत आहेत, म्हणजे पुढच्या खेपेला तुला भाजण्याची अडचण राहणार नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला संक्रांतीत येता येणार नाही असे तू म्हणालीस, म्हणून तळाशी संक्रांतीचा तिळगूळही ठेवला आहे. पहिली खेप कशी झाली, मिश्रण सैल होते की भुरभुरीत, हे मला सविस्तर कळव. डबा रिकामा झाला की धुऊन, उन्हात कोरडा करून काकांकडे परत दे.

तुझे,
बाबा