मालवण सहल : स्नॉर्कलिंग सकाळी की दुपारी?

सभासदांनो, मालवणच्या दिवसाचा क्रम रविवारपर्यंत ठरवायचा आहे. माझं मत स्नॉर्कलिंग (तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर तरंगत खालचं पाहणं) सकाळीच. तेव्हा वारा पडलेला असतो, पाणी नितळ दिसतं. दुपारी वारा सुटला की लाटा वाढतात, तळ गढूळ होतो. शिवाय सुरमईचं ताट जेवून पाण्यात उतरणं कोणालाच झेपणार नाही! मग सिंधुदुर्ग किल्ला, त्यातलं शिवाजी महाराजांचं शिवराजेश्वर मंदिर आणि संध्याकाळी देवबागचा संगम, म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा.

बोटवाल्याला आधी विचारू : लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळणार ना, आणि दरात नेमकं काय, स्नॉर्कलिंग की स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी)? पोहता न येणाऱ्यांनी, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी मला आधी सांगावं. प्रवाळावर कोणी पाय ठेवू नये.