वाघांच्या वाटाही जपा

ताडोबा आणि पेंच येथील आठ वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणण्याच्या निर्णयावरील आपल्या दैनिकातील लेख वाचला. निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र वाघांच्या भ्रमणमार्गांना लेखात जेमतेम एक वाक्य मिळावे, याचे वाईट वाटले. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये हा प्रकल्प झाला. राधानगरीत २०२२ मध्ये कॅमेऱ्यात टिपला गेलेला नर वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत आढळला, आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. म्हणजे दक्षिणेकडून येणारी ही वाट अजून शाबूत आहे. विशाळगड, तिलारी यांसारखी संवर्धन राखीव क्षेत्रे त्या पट्ट्यात जाहीर झाली असली, तरी त्यांच्या मधल्या खासगी मालकीच्या रानांना तसे कवच नाही, आणि तेथे एखादी खाण किंवा रुंद रस्ता झाला तरी पुढचा वाघ अडेल. सुट्टीसाठी सह्याद्रीत घर शोधणाऱ्या आम्हा पुणेकरांनीही ती जमीन कोणाच्या वाटेवर आहे, हे आधी विचारायला हवे. पिंजऱ्यातून आणलेल्या वाघांवर जितका खर्च होईल, त्यातील काही वाटा वनविभागाने या मधल्या रानांच्या मालकांना मोबदला देण्यासाठी राखून ठेवावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे