विहिरी शोधणाऱ्या काकांना, एका एल्कबद्दल

काका, शि. सा. न.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "हां हां, काकूशी बोल" म्हणून फोन पुढे सरकवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता पळता येणार नाही. दुसरं म्हणजे डेन्व्हरमधली आपली दोन-तीन पोरं कधीपासून विचारतायत की दादा शिकारीला नकाशाचं कुठलं ॲप घेऊ, आणि मी ॲपचं नाव सांगायच्या आधी दरवेळी तुमचीच गोष्ट सांगत बसतो, तर म्हणलं एकदाच लिहून टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका पक्के शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद, आयुष्यात बंदुकीला हात नाही. नोकरी सगळी महाराष्ट्रात भूजलाच्या कामात, दुष्काळी तालुक्यांत विहीर कुठे लागेल ते शोधायचं, निवृत्त झाल्यावर लेकीकडे कोलोरॅडोला आले. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे सरळ गुन्हा, उरल्या त्या पणजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी. इथे मात्र परीक्षा देऊन, टॅग (एका जनावराचा परवाना) काढून, ठरलेल्या दिवसांत, भगवं जाकीट घालून रीतसर करायचं काम आहे, आणि ऑफिसातल्या एकाच्या नादाने मी त्यात पडलो. आईला अजून "ट्रेकला जातो" एवढंच माहितीये. (आई, वाचत असशील तर नंतर बोलू.)

तर २०२१, माझं पहिलं वर्ष. न्यू जर्सीहून नुकताच आलेलो. एल्क म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातेवाईक पण अंगाने कितीतरी मोठा, दिवसा उत्तरेकडच्या उतारावर दाट झाडीत बसतो, सकाळ-संध्याकाळ चरायला मोकळ्यावर येतो, एवढं वाचून मी महिनाभर रोज रात्री ॲपवर जागा शोधली. ग्रँबी गावाच्या उत्तरेला एक सापडली, गडद हिरवं जंगल, उत्तर उतार, मधे मधे छोटी माळरानं, अगदी वाचलं होतं तसं. पहाटे ३ ला उठून डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात दोन तास चढलो आणि उजाडल्यावर बघतो तर सगळे काळे खांब. हिरवं पान नाही. २०२० च्या ऑक्टोबरात तिथे ईस्ट ट्रबलसम नावाची आग लागली होती, १ लाख ९३ हजार एकर जळलं, कॉन्टिनेंटल डिव्हाइडची डोंगररांग ओलांडून आग पलीकडे गेली. आगीचं मला ठाऊक होतं हो, पण ॲपमध्ये हिरवं दिसतंय म्हणजे आपली जागा वाचली असा हिशोब मी लावला. फोटो आगीच्या आधीचा होता. तारीख कुठे लिहिली असेल तर मला दिसली नाही.

ही गोष्ट मी दिवाळीच्या फराळाला रंगवून सांगितली, सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. चकलीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलंत, "फोटो कुठल्या महिन्यातला होता?" मी म्हणलं काका, वर्षच माहीत नाही, महिना कुठून सांगू. तुमचा चेहरा अजून आठवतोय, जणू मी लग्न ठरवून मुलीचं नाव विचारायचं विसरलो होतो.

पुढच्या रविवारी तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि टेबलावर ती लाकडी पेटी उघडलीत, स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन हवाई फोटो एकत्र बघून उंच-खोल दाखवणारं भिंग. मला वाटलं काका आता जुन्या आठवणी काढणार, काढल्यातही, १९८८ ला आपला आयआरएस-१ए उपग्रह वर गेला तेव्हा ३६ मीटरच्या पिक्सेलवर (फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३६ मीटर) तुम्ही लोक मोठाले कागदी प्रिंट दिव्याच्या टेबलावर पसरून विहिरी ठरवत होता आणि मी ६० सेंटिमीटरचा फोटो फुकट मिळत असताना रडतोय. पण मग तुम्ही माझा लॅपटॉप घेतलात आणि सरळ उलटा फिरवलात. मी जिला महिनाभर सोंड समजत होतो ती घळ निघाली! उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येतं, सावली उत्तरेला पडते, नकाशात उत्तर वरती, आणि आपल्या डोळ्याला सवय उजेड वरून यायची, म्हणून खोलगट ते उंच दिसतं. सावली आपल्याकडे यावी असा फोटो फिरवला की सगळं जागेवर बसतं. हे मला कुठल्याच ॲपने सांगितलं नव्हतं.

आता ॲपचं, म्हणजे पोरांनी जे विचारलंय ते. काकांचं म्हणणं एकच होतं, सगळे प्रश्न एकाच ॲपला विचारू नकोस. जमीन कुणाची आहे हा इथला पहिला प्रश्न, आणि त्यासाठी मी ऑनएक्स हंट वापरतो. मोंटानाच्या मिसूलातली कंपनी, २००९ पासूनची, प्रत्येक तुकड्याचा मालक आणि हद्द दाखवते. आपल्याकडे सातबारा बघतो तसंच, फक्त चालता चालता. कोलोरॅडोत खाजगी जमिनीवर पाटी नसली, कुंपण नसलं तरी मालकाची परवानगी लागतेच, त्यामुळे हे चैनीचं काम नाही. पण हद्दीची रेघ म्हणजे मोजणीदाराने ठोकलेला दगड नव्हे, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कागदांवरून घेतलेली असते आणि कुठे कुठे सरकलेली असते, मी तरी रेघेपासून चांगला लांब राहतो. आणि राज्याची ट्रस्ट लँड सरकारी रंगात दिसली म्हणून घुसू नका, इथे त्यातली सगळी शिकारीला खुली नसते.

वायोमिंगचं प्रकरण तर काकांना तोंडपाठ आहे. १८६२ पासून रेल्वेला एक आड एक मैलाचे चौकोन दिले, त्यामुळे तिकडे सरकारी आणि खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी. २०२१ मध्ये मिझुरीचे चार शिकारी एल्क माउंटनजवळ शिडी लावून एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यातून दुसऱ्यात उतरले, खाजगी जमिनीला पाय न लावता, तर फौजदारी खटला झाला, त्यातून सुटले, मग मालकाने लाखो डॉलर नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि त्यातल्या एकाच्या ॲपमधली खूण पुरावा म्हणून कोर्टात आली. मार्च २०२५ मध्ये टेन्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने त्यावरचं अपील ऐकायला नकार दिला. कोलोरॅडोही त्याच सर्किटमध्ये येतं. तुम्ही हे सगळं वाचून मला फोन केलात आणि म्हणालात, "बघ, खुणासुद्धा विचार करून टाक." तेव्हापासून माझ्या खुणांची नावं सभ्य असतात.

चढ किती आहे ते कॅलटोपो नावाच्या नकाशाच्या ॲपवर बघतो, उताराच्या कोनाप्रमाणे रंग भरून देतं, आणि शेकडो पौंडांचं जनावर पाठीवरून आणायचं असतं तेव्हा हाच रंग सगळ्यात महत्त्वाचा. त्याचाच प्रिंट काढून खिशात ठेवतो. १:२४,००० चा, म्हणजे आपल्या १:५०,००० हून दुप्पट बारकाईचा, अमेरिकन नकाशा पहिल्यांदा बघून तुम्ही "अरे आम्ही ५० हजारीवर आयुष्य काढलं" म्हणून काकूंना स्वयंपाकघरातून बोलावलंत, त्या काय बघणार होत्या देव जाणे. गाया, हंटस्टँड वगैरे ॲपही लोक वापरतात, वाईट नाहीत, दोन-तीन ट्रायल घेऊन हाताला बसेल ते घ्या. नकाशा मात्र घरीच डाउनलोड करा. डोंगरात रेंज नसते पण फोनचं जीपीएस एअरप्लेन मोडमध्येही चालतं, आणि फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी बघता बघता बसते.

आता फोटोचं. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांचे फोटो सरकवून बघता येतात, हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे बटण दिसायचं, कधी दाबलं नव्हतं. अमेरिकेच्या शेतकी खात्याचे नेप म्हणून हवाई फोटो असतात, दर दोन-तीन वर्षांनी, पिकाच्या हंगामात घेतलेले, त्यात वाटासुद्धा दिसतात. आणि युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह, पिक्सेल १० मीटरचा म्हणजे जाडाभरडा, पण साधारण दर पाच दिवसांनी नवा आणि फुकट. मी म्हणलं १० मीटरमध्ये काय डोंबल दिसणार. तुम्ही म्हणालात जनावर बघायचंच नाहीये, जनावराचं घर बघायचंय.

आणि मग तुम्ही तुमच्या जुन्या धंद्यावर आलात. "एफसीसी लाव." म्हणजे फॉल्स कलर, जिवंत झाडपाला लालभडक, मेलेलं सगळं करडं. सप्टेंबरअखेरचा एक स्वच्छ दिवस निवडलात, कारण तेव्हा वरचं गवत वाळलेलं असतं, आणि माझ्या त्या जळक्या जंगलाच्या कडेला बोट ठेवलंत. करड्यात तीन-चार पिक्सेल लाल. साध्या फोटोत तिथे काहीच नव्हतं. मागची वर्षं काढलीत, २०१९, २०२०, २०२१, आगीच्या आधी आणि नंतर, ठिपका दरवर्षी तिथेच. "इथे पाझर आहे," तुम्ही म्हणालात, कुणाच्या तरी शेतात उभं राहून सांगावं तसं. मग नेपच्या फोटोत बारकाईने बघितलं तर तीन बाजूंनी वाटा येऊन तिथेच मिळत होत्या. माझ्या अंगावर काटा आला, तुम्ही चहा मागवलात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये नुसता बघायला गेलो. पाझर होता. चिखल तुडवलेला, खुरांचे ठसे, आणि एल्क लोळतात त्या डबक्याचा तो उग्र वास, आणि भोवती आगीनंतर उगवलेलं गवत, पोटरीएवढी ॲस्पेनची रोपं. म्हणजे जी आग मला पहिल्या वर्षी शिव्या देण्यासारखी वाटली तिनेच चारा आणला होता.

एक ठिकाणी तुमचं चुकलं, ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल नुसती खुशमस्करी करतो. तुम्ही कडेकडेने जायची जी वाट काढून दिलीत ती फोटोत मोकळी होती, पण जळकी झाडं वाऱ्याने पडत राहतात, आणि फोटोनंतर किती पडली ते फोटोला काय माहीत. कंबरेएवढे ओंडके, एकावर एक, काड्यापेटी सांडल्यासारखे. ॲपवर ८०० मीटर, मला तीन तास लागले, त्या वर्षी शिकार त्यातच संपली. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही गप्प झालात, आणि दोन दिवसांनी खालच्या ओढ्याकडून दुसरी वाट पाठवलीत, लांबची, पण मेंढीसुद्धा चालेल अशी.

२०२३ ला मी त्या वाटेने गेलो. सकाळी ऊन लागलं की वारा वर चढतो, म्हणून पाझराच्या वरच्या अंगाला, कडेच्या हिरव्या झाडीत बसलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला चार माद्या खालून आल्या, त्यातल्या एकीचा माझ्याकडे टॅग होता. पुढचं तुम्हाला ऐकायला आवडत नाही म्हणून लिहीत नाही, फक्त एवढंच की मांस खाली आणायला चार फेऱ्या लागल्या आणि चारही वेळा तुमच्या वाटेला नमस्कार केला. सगळं मांस खाल्लं गेलं, काही वाटलं, वाया काही घालवलं नाही. तुमच्याकडे पाठवायचा प्रश्नच नव्हता, काकूंनी दारात उभं केलं नसतं.

रेंज आल्यावर तुम्हाला त्या जागेची खूण पाठवली, फोटो मुद्दाम नाही, नुसती खूण आणि "काका, मिळालं" एवढंच. मित्रांचे अभिनंदनाचे मेसेज आले होते, केवढी होती, किती यार्डांवरून, कुठली रायफल. तुमचा मेसेज पाच मिनिटांनी आला. "पाणी होतं का?"

होतं काका. त्या गडबडीत उत्तर द्यायचं राहूनच गेलं. ऑक्टोबरचा मध्य, वर काचेसारखा पातळ बर्फ, बुटाने फोडला तर खाली चांगलं चार बोटं, आणि वाहतं होतं.

तुमचा,
साताऱ्याचा पोरगा

ता. क. स्टिरिओस्कोप अजून माझ्याकडेच आहे. या शनिवारी आणून देतो. यंदाचे सप्टेंबरचे सेंटिनेलही डाउनलोड केलेत, पलीकडच्या खोऱ्यात दोन लाल ठिपके दिसतायत, एक मला ढगाची गडबड वाटतेय, तुम्ही बघून सांगा.