यंदा मे महिन्यात मी येत नाहीये

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईने मधेच फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी "बरं, बघू" म्हणून ठेवून टाकला असता. म्हणून लिहितेय. हाताला लिहायचा सराव तसाही हवाच आहे.

यंदा मे महिन्यात मी देवरुखला येत नाहीये. परीक्षा आहे. माझी, मुलांची नव्हे. मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलंय, फीसुद्धा भरून झालीय. मुलं आणि हे नेहमीसारखे येतील, तेव्हा घर काही ओकंबोकं राहणार नाही.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे: घरबसल्या मिळालेल्या डिग्रीला विचारतं कोण? तर नाशिकचं हे विद्यापीठ 1989 साली कायदा करून काढलेलं आहे, यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता आहे, आणि अशी पदवी कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरावी असं यूजीसीनेच म्हटलंय. आणि घरबसल्या कसलं! रविवारी अभ्यास केंद्रावर तास असतात. वीस मार्कांचा गृहपाठ, ऐंशीचा पेपर मात्र केंद्रावर जाऊन, डोक्यावर सुपरवायझर उभा असताना लिहायचा. पुस्तकं मराठीत आहेत, त्यामुळे कुणाला विचारत बसावं लागत नाही.

पतसंस्थेत वरची जागा पदवीशिवाय मिळत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता माझी व्हाउचरं तपासते. तिच्यावर राग नाही, गुणी आहे पोरगी. पण रोज तेरीज, म्हणजे खात्यांच्या जमा-नावे बाकींचा ताळा, जुळवणारी मी, पुस्तकात "तेरजेचे उद्देश लिहा" आलं की अडते. आमच्याकडे उद्देश एकच: सहाच्या आत जुळली पाहिजे, नाहीतर बस चुकते.

आई, बारावीनंतरच्या त्या वर्षाशी तू याचा संबंध जोडशील, माहितेय मला. जोडू नकोस. दादाची फी, आजीचं दुखणं, सगळं मी बघत होते. तू पाटल्या काढून ठेवल्यास आणि बाबांनी त्या परत डब्यात टाकल्या, तेही आतल्या खोलीतून ऐकलं होतं. मला कुणाकडून काही भरून घ्यायचं नाहीये. मला अभ्यास आवडतो, एवढंच.

जेवणाची आबाळ होत नाही. कणीक रात्रीच मळून ठेवते, भाजी हे चिरतात. हसू नकोस, बारीक चिरतात! अकराच्या पुढे जागत नाही, पहाटे उठते. दहावीला तू पायाचा अंगठा ओढून उठवायचीस, मी "पाच मिनिटं" म्हणायचे आणि तू खरंच पाच मिनिटं पायाशी बसून राहायचीस. आता मोबाइल उठवतो. त्याला तेवढा धीर नाही.

आता ऐका. बाबांनी आंबे काढायला शिडी लावून झेला चालवायचा नाही. गड्याला बोलवा, त्याने दोन आंबे जास्त नेले तर नेऊ देत. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून गाळायची नाही. आई, डोळ्यातले थेंब डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत घालायचे, आणि चुलीपाशी फुंकत बसायचं नाही, पाणी गिझरवर तापतं. न्हाणीत मी दिलेली रबरी चटई पसरा. ती कपाटात जपून ठेवायला आणलेली नाही.

आंब्याची पेटी पाठवायच्या भानगडीत पडू नका. बरं, पाठवायचीच असेल तर यांच्याबरोबर द्या, बाबांनी स्टँडवर उचलून न्यायची नाही.

पेपर संपले की जूनमध्ये येते. पाऊस लागलेला असला तरी येते.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, पोस्टातली ठेव मोडायची नाही. पुढच्या वर्षाच्या फीचे पैसेही मी बाजूला काढलेत. पासबुक यांना दाखवा म्हणजे माझी खात्री पटेल.