आईच्या गुडघ्यांना विचारून गाडी घेऊया

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी ‘डिक्कीची गाडी बघतोय’ म्हणून सांगितलं आणि लगेच विषय बदलला. फोनवर या गोष्टी नीट बोलून होत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. आई, हे पत्र तूही पूर्ण वाच. गाडी बाबा चालवणार असले तरी निम्मा निकाल तुझ्या गुडघ्यांनी द्यायचा आहे.

बाबा, तुम्ही सेडान, म्हणजे तुमची ती डिक्कीची गाडी, घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आमची शिक्षणं, दादाचं लग्न, घरावरचा मजला या सगळ्यात तुमची हौस कायम पुढच्या वर्षावर गेली. २०११ ची वॅगन-आरसुद्धा तुम्ही घरच्यांची सोय बघून घेतलीत. आता शेजारचे सगळे ‘उंच गाडी घ्या, एसयूव्ही घ्या’ म्हणतात. त्यांचं ऐकून मन मारू नका. फक्त घाई करू नका. वॅगन-आरला यंदा पंधरा वर्षं होतात म्हणजे ती लगेच भंगारात जात नाही. आरटीओत गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. शोरूमवाल्यानं ‘महिनाअखेरची ऑफर’ म्हणून घाई केली, तर हे लक्षात असू द्या.

आता मुद्द्याचं. वॅगन-आरमध्ये आई खुर्चीवर बसावी तशी बसते, कारण तिची सीट उंचावर आहे. सेडानमध्ये खाली वाकून, डोकं सांभाळत आत शिरावं लागतं आणि उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. शोरूममध्ये चकाचक फरशीवर, विक्रेत्यानं दार धरलेलं असताना हे कळत नाही. म्हणून आधी घरी मोजून घ्या. आई ज्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठते, तिची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा. मग तशीच वॅगन-आरच्या सीटची मोजा. गाडी बघायला जाल तिथं मागच्या आणि पुढच्या सीटची उंची घ्या, दार किती उघडतं ते बघा, उंबरठ्याची पट्टी किती रुंद आहे तेही बघा. आई, तू आधी पाठमोरी होऊन बस आणि मग दोन्ही पाय एकदम आत घे, डॉक्टरांनी ऑपरेशननंतर शिकवलं होतं तसं. उतर. परत बस. दहा मिनिटं आत बसून राहा आणि मग पुन्हा उतर, कारण गुडघा बसून आखडल्यावरच खरं सांगतो. कुणाचा हात न धरता तुला उतरता आलं नाही, तर ती गाडी कितीही आवडली तरी यादीतून बाद. सगळ्याच सेडान बाद झाल्या, तर मी बाबांची समजूत काढेन.

मी इथं बऱ्याच गाड्यांत बसून बघितलं. पाठीमागे बसणाऱ्याला सगळ्यात आराम मारुती सियाझमध्ये आहे. पाय पसरायला जागा ऐसपैस, गादी मऊ. सुटे भागही कोल्हापुरात कुठंही मिळतील. कंपनीनं २०२५ मध्ये ती बंद केली असली तरी तिचं दीड लिटरचं इंजिन ब्रेझा आणि अर्टिगातही आलं, त्यामुळे त्याची मला काळजी नाही. काळजी वाटते ती दोनच एअरबॅगची. शेवटपर्यंत तिच्यात दोनच होत्या, आणि मागे आईच्या शेजारी नातवंडं बसणार आहेत. म्हणून सियाझ मी दुसऱ्या नंबरावर ठेवते.

पहिली होंडा सिटी, २०२० च्या जुलैत आलेली पाचवी पिढी. १२१ पीएस ताकदीचं पेट्रोल इंजिन, ५०६ लिटरची डिक्की, मागे चांगली बैठक. तिच्यात व्हीएक्स किंवा झेडएक्स मॉडेल बघा, त्यांत सहा एअरबॅग मिळतात. बाबा, गिअर सीव्हीटी, म्हणजे ठरावीक टप्पे नसलेला ऑटोमॅटिकच घ्या. महाद्वार रोडच्या गर्दीत क्लचवर पाय ठेवून बसायचं तुमचं वय आता राहिलेलं नाही, आणि हे मी प्रेमानं सांगतेय. घाटात जोरात दाबली की सीव्हीटीचं इंजिन ओरडतं. तो बिघाड नव्हे, तिचा स्वभावच तसा आहे. करूळ घाटातून मामाकडे वैभववाडीला जाताना पाय हलका ठेवलात की झालं.

ह्युंदाई व्हर्ना २०२३ पासून नव्या रूपात आहे. सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये आहेत आणि ग्लोबल एनकॅप या अपघात-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारेही. मात्र त्याच चाचणीत तिचा सांगाडा अस्थिर ठरला होता. शिवाय छत मागे उतरतं, त्यामुळे आत शिरताना आईला मान फार वाकवावी लागेल. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या दोघी जुळ्या बहिणी. मजबुतीला उत्तम, पाच तारे, आणि जमिनीपासून १७९ मिमी उंची. आपल्याकडच्या गतिरोधकांवर सिटी-व्हर्नाच्या १६५ पेक्षा ती कधीही बरी. पण त्यांच्यात मागच्या मधल्या माणसाच्या पायाशी मोठा उंचवटा येतो. १.५ लिटरच्या इंजिनासोबत येणारा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ड्राय क्लचचा, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचा आहे, मुंगीच्या वेगानं सरकणाऱ्या रहदारीत तो तापतो. वयस्कर माणसांच्या घरी ती डोकेदुखी नको. १.० लिटरमधला सहा गिअरचा ऑटोमॅटिक त्या मानानं साधा.

तुमच्या मित्राची २०२१ ची डिझेल व्हर्ना स्वस्तात मिळतेय असं आई म्हणाली. नको. बीएस-६ या प्रदूषण नियमांतल्या डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब पल्ल्यावर, चांगल्या वेगात पळावी लागते. तुमची रोजची धाव मंडई, रंकाळा, बँक एवढीच. फिल्टर चोंदणार आणि गाडी सारखी वर्कशॉपात.

नवी की वापरलेली? मी बराच हिशेब केला. समजा नवी गाडी १४ लाखांची. पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के रस्ता कर, म्हणजे १ लाख ६८ हजार. विमा आणि बाकीचं धरून सोळा लाखांच्या पुढे जातं. तीन-चार वर्षांच्या गाडीची किंमत विमा कंपन्या ४० टक्के घसारा लावून धरतात. चांगल्या ठेवलेल्या सिटीला बाजारात त्याहून बरा भाव येतो, तरी मोठी घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते. रस्ता करही त्यानंच भरलेला, आणि राज्यातल्या राज्यात नावावर करताना तो परत द्यावा लागत नाही. बाबा, तुमची एफडी मोडून नवी गाडी दारात आली, तर तिच्याकडे बघताना मला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटेल. म्हणून माझं मत एका मालकाच्या, तीन-चार वर्षांच्या सिटीला. उरलेले पैसे बँकेतच राहू देत, औषधपाण्याला.

भाव करताना एक ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला. आधी सेस धरून तो ४५ होता. नव्या गाड्या उतरल्या तशा जुन्याही उतरायला हव्यात. विक्रेता ‘नवी तेव्हा एवढ्याला घेतली’ म्हणाला, तर आजच्या शोरूमचा भाव त्याच्यासमोर ठेवा.

आपल्या भागात जुनी गाडी घेताना मला एकाच गोष्टीची खरी भीती आहे, ती पुराची. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तुम्ही डोळ्यांनी बघितलात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी आणि पाणी गेलं ५५ च्या वर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, कितीतरी गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. तिकडे सांगली आणि चिपळूणही. २०२४ च्या जुलैतही पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली, म्हणून २०२२ ची गाडी आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, नवे सीट-कव्हर घालून विकायला उभी राहते आणि वर्षभर नीट चालतेही. मग वायरिंगच्या जोडांत गंज चढतो आणि भर रस्त्यात एकेक दिवा, एकेक सेन्सर बोलायचा बंद होतो. एअरबॅगची वायरिंगही त्यातच आली.

तेव्हा हे सगळं करून बघाच. सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, पाण्याची रेघ किंवा गाळाचा डाग आत गुंडाळलेल्या भागावर राहतो. तो धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. सीटखालच्या पट्ट्या आणि बोल्ट बघा. वरून चकचकीत गाडीचे तिथले बोल्ट गंजलेले असतील, तर दुसरं काही विचारू नका. डिक्कीतली गादी उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. मॅट काढून खालचं कार्पेट दाबा, वास घ्या. आत अत्तराचा फवारा जास्त मारलेला असेल, तर शंका घ्या. हेडलाइटच्या आत बाष्प, फ्यूजच्या डब्यात पांढरी-हिरवी बुरशी ही आणखी लक्षणं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

ठोकलेल्या गाडीचंही तसंच. बाबा, तुम्ही आयुष्य फाउंड्रीत काढलंत, कास्टिंगवरची भेग तुम्हाला नुसत्या नजरेनं दिसते. पण रंगाखाली भरलेली पुट्टी दिसत नाही. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारांवरून, मडगार्डवरून फिरवा, पुट्टी असेल तिथं ते धरत नाही. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पान्यानं फिरवलेले आहेत का तेही बघा. किलोमीटरवर विश्वास टाकण्याआधी टायर वाचा. बाजूला चार आकडे असतात, ३४२२ म्हणजे २०२२ सालचा चौतिसावा आठवडा. गाडी २०२२ ची, चालली म्हणे वीस हजार, आणि चारही टायर २०२५ चे, मग ते का बदलले हे विचारायलाच हवं. उद्यमनगरातल्या आपल्या मेस्त्रीला सोबत न्या, त्याची मजुरी द्या, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा.

गाडी चालवून बघायची ती थंड इंजिनावर. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल, तर आधीच चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत जा. मग चौघं बसून, एसी लावून जोतिबाचा डोंगर चढवा. उतरताना ब्रेक थरथरतो का, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का, बघा. मग महामार्गाला किणी टोलनाक्याच्या बाजूला थोडी पळवा. आई मागेच बसू दे. खड्ड्यात पाठीला किती दणका बसतो ते तीच सांगेल.

कागदांचं थोडक्यात. शक्यतो नऊ पासिंगचीच गाडी बघा, म्हणजे एमएच ०९. बेळगावची स्वस्त दिसली, तरी तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रस्ता कर पुन्हा, आणि तिथला परतावा मिळवायला खेटे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेले ई-चलन परिवहनच्या साइटवर दिसतात, ते आधी विकणाऱ्यालाच भरू दे. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतील त्याच दिवशी पावती घ्या. विमाही चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर व्हायला हवा. त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, पण तुमचा तुमच्याजवळच राहतो. वॅगन-आरवर तुम्ही इतकी वर्षं क्लेम घेतलेला नाही. ती विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, नव्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या भागावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळेल. इंजिन प्रोटेक्शन मात्र जोडून घ्याच. पाण्यात बंद पडलेलं इंजिन चालू करायला गेलं आणि आत पाणी ओढलं गेलं, की साधा विमा त्याचे पैसे देत नाही.

सिटी साडेचार मीटरहून लांब आहे, वॅगन-आरपेक्षा जवळजवळ एक मीटर जास्त. आपल्या फाटकातून आत घेऊन फाटक लागतं का, आणि गल्लीच्या वळणावर ती वळते का, हे खडूनं जमिनीवर आखून आधीच बघा.

पसंत पडलेल्या गाडीचा नंबर मला पाठवा, मी इथून आरसी आणि चलन तपासते. तोवर टोकन म्हणून एक रुपयासुद्धा कुणाला देऊ नका. पुढच्या महिन्यात मी चार दिवस रजा काढून येतेय, तेव्हा शेवटची गाडी आपण तिघांनी मिळून बघू.

तुमची,
धाकटी