एका कादंबरीच्या बारा प्रती हव्यात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाचपाखाडीत आमचा एक छोटा वाचनगट आहे, बुक क्लब म्हणा हवं तर. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पाचला कुणाच्या तरी घरी जमायचं, सगळ्यांनी एकच कादंबरी वाचून यायचं आणि दोन तास तिच्यावर बोलायचं, बस एवढंच. चार वर्षं झाली आता. अकरा जण आहोत, सगळ्यात लहान मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आणि सगळ्यात मोठे काका एक्क्याऐंशीचे. पत्र लिहायचं कारण एक अडचण आहे, आणि मला वाटतं आमच्यासारखे जे जे गट ठाण्यात किंवा खाडीपलीकडे ऐरोली-वाशीला चालत असतील त्या सगळ्यांना ती येतच असणार. पुस्तक सगळ्यांच्या हातात एकाच वेळी येत नाही.

मागच्या दोन मीटिंगचं सांगते म्हणजे लक्षात येईल.

गेल्या महिन्यात व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी घेतली होती. 1955 सालची कादंबरी, छोटीशी, त्यामुळे बऱ्याच जणांच्या घरात होतीच, कुणाच्या आईची, कुणी शाळेत बक्षीस म्हणून मिळवलेली, बाकीच्यांनी विकत घेतली. म्हणजे अकराच्या अकरा जण वाचून आले, आणि त्या दिवशी जी चर्चा झाली ना ती मी विसरणार नाही. कॉलेजच्या मुलीने सुरुवातच केली की त्या वाडीत शिकवायला आलेल्या मास्तरचा मला राग आला, पाऊसपाण्याचा भरवसा नाही अशा गावात लोकांना राबवून तालीम कशाला बांधली, एखादी विहीर खणली असती. सगळे एकदम बोलायला लागले. काका म्हणाले, अगं त्या धनगरांच्या वाडीत प्रत्येकाची मेंढरं वेगळी, घर वेगळं, सगळ्यांनी मिळून उभं केलेलं असं पहिलंच काहीतरी ते होतं. त्यावर तिचं म्हणणं की मग दुष्काळात वाडी ओस पडल्यावर त्या भिंतींचं काय झालं? त्यावर कुणालाच चटकन उत्तर देता आलं नाही, मला तर अजूनही सुचलेलं नाही.

मग वाडीतल्या शेकूच्या बायकोचा विषय निघाला. बैल नाही म्हणून जी स्वतः औताला जुंपून घेते ती. आमच्यातल्या एक काकू शांत असतात, कधी फारसं बोलत नाहीत, त्या म्हणाल्या थांबा, ते पान काढा, मी वाचते. सगळ्यांनी पुस्तकं उघडली आणि इथे गंमत झाली, आवृत्त्या वेगवेगळ्या त्यामुळे पान नंबर एकाचाही दुसऱ्याशी जुळेना, पाच मिनिटं नुसती पानं उलटण्यात गेली. पण सापडलं, आणि काकूंनी वाचलं तेव्हा अकरा जण आपापल्या पुस्तकात त्याच ओळीवर होते. वाचून झाल्यावर कुणी बोललंच नाही थोडा वेळ.

आमच्या बिल्डिंगचे वॉचमन सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचे. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण कादंबरी जिथे घडते तो माडगूळकरांचा माणदेश हाच. त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही पण ते म्हणाले आमच्याकडं "जगायला गेले" असं म्हणतात, पाऊस नाही झाला की मेंढरं घेऊन माणसं मुलूख सोडतात आणि त्याला स्थलांतर वगैरे कुणी म्हणत नाही, जगायला गेले म्हणतात. तो एक शब्द ऐकला आणि कादंबरीचा शेवट मला परत वाचावासा वाटला, त्याच रात्री वाचला.

आता त्याच्या आधीचा महिना. जी कादंबरी ठरवली ती दुकानांत संपलेली, पुढची आवृत्ती कधी येणार कुणाला सांगता येईना. आम्ही ज्या वाचनालयाचे सभासद आहोत तिथे एकच प्रत. एक प्रत, अकरा माणसं, तीस दिवस, म्हणजे एकेकाच्या वाट्याला तीन दिवससुद्धा नाहीत, त्यात नोकरी करणारे लोक, ठाणे स्टेशनला सकाळची लोकल पकडून रात्री आठला घरी येणारे, ते तीन दिवसांत अडीचशे पानं कशी वाचणार. मीटिंगला चारच जणांचं वाचून झालेलं होतं. बाकीचे सात ऐकायला आल्यासारखे बसले, मध्येच कुणी विचारतंय मग पुढे काय झालं. तासाभरात चहा घेऊन उठलो. कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ आणली होती, ती आम्ही घेतली नाही आणि पूर्ण पुस्तकाची झेरॉक्सही काढली नाही. ज्यांनी लिहिलं, छापलं त्यांच्या पोटावर पाय देऊन कसली वाचनसंस्कृती, असं आम्हाला सगळ्यांना मनापासून वाटतं.

तर माझं म्हणणं असं आहे की सार्वजनिक वाचनालयांनी काही निवडक कादंबऱ्यांचे संच ठेवावेत. एका कादंबरीच्या बारा प्रती, एकाच आवृत्तीच्या, एका कापडी पिशवीत. गटातल्या एका सभासदाच्या नावावर ती पिशवी महिनाभरासाठी द्यायची, डिपॉझिट घ्यायचं, परत आली की पुढच्या गटाला. दीडदोनशे रुपयांची कादंबरी धरली तर बारा प्रती अडीच हजाराच्या आत येतात. वर्षाला असे सहा संच घेतले तरी पंधरा हजार, आणि दोन-तीन वाचनालयांनी आपसात संच बदलून घेतले तर तेवढाही भार एकावर पडणार नाही.

वाचनालयात मी विचारून बघितलं होतं. तिथल्या ताई चांगल्या आहेत, पुस्तकं शोधून देतात, पण म्हणाल्या एकाच पुस्तकाच्या बारा प्रती घेतल्या तर नवीन पुस्तकं कमी येतील, शिवाय ठेवायला कपाट नाही. त्यांचं चुकीचं नाही. पण पिशवी बहुतेक वेळ कुणाच्या ना कुणाच्या घरीच असणार, कपाटात नाही. आणि कपाटात एकेकटी पडून राहणारी किती पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही ते आपण सगळे बघतोच, उलट संचातली प्रत्येक प्रत दर महिन्याला वाचली जाईल.

पुस्तकं अशी फिरवणं आपल्याला नवीनही नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला तो 2009 साली, शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी पेट्या बदलतात, आणि आज त्या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोचल्यात. त्या पेटीत शंभर वेगवेगळी पुस्तकं असतात, ती घराघरात वाचायला उत्तम. आम्हाला एकाच पुस्तकाच्या बारा प्रती हव्यात, फरक एवढाच. ज्या ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं, तेही वि. ल. भाव्यांसारख्या माणसांच्या खटपटीतून, तिथे हा प्रयोग पहिल्यांदा व्हावा असं मला फार वाटतं. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही गटात पेढे वाटले होते. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला दरवर्षी भाषणं होतात, यंदा त्या दिवशी एखाद्या वाचनालयाने असा एक संच जाहीर केला तर आम्ही सगळे जाऊन उभे राहू.

आम्ही नुसतं मागत नाहीये. अकरा जणांनी वर्गणी काढून पहिल्या संचाचे पैसे जमवलेत, बनगरवाडीच्याच बारा प्रती घ्यायच्या असं ठरलंय, कव्हरं घालून, नंबर टाकून देऊ. ठाणे किंवा नवी मुंबईतलं जे वाचनालय तो संच नोंदवहीत घेऊन इतर गटांना द्यायला तयार असेल त्यांनी आपल्या वृत्तपत्राकडे कळवावं, आपण तो निरोप आमच्यापर्यंत पोचवाल अशी विनंती. पुढची मीटिंग येत्या तिसऱ्या रविवारी आहे, तोपर्यंत कुणी पुढे आलं तर पिशवी शिवायला आमच्यातल्या एक काकू तयारच आहेत, कापड आणून ठेवलंय त्यांनी.

आपली,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (प.)