डुकरावर बार काढायला परवाना देता, मग माग काढणारं कुत्रंही द्या

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: नाशिक जिल्ह्यात रानडुकरांच्या परवान्यासोबत माग काढणारं श्वान पथक मिळण्याबाबत

महोदय,

भात निसवला की पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकच्या पट्ट्यात माणसं राखणीला माळ्यावर झोपायला जातात. डबे बडवून झाले, फटाके झाले, झटका मशीनही लावून झाली. तरी डुकरांचा कळप एका रात्रीत भाताचा नाहीतर नागलीचा तुकडा उलथून टाकतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या कलम ११ खाली अशा डुकराला मारायची परवानगी मिळू शकते, हे आपणांस सांगायला नको. मला बोलायचं आहे ते बार काढल्यानंतर काय होतं त्यावर.

अंधारात, बॅटरीच्या झोतात मारलेली गोळी दर वेळी जनावर जागीच पाडत नाही. पोटाला किंवा पायाला लागलेलं डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरतं. मग एक तर कोणी मागे जात नाही आणि ते कुठेतरी तडफडत मरतं. नाहीतर चार पोरं कोयते घेऊन आत घुसतात, आणि दुखावलेलं डुक्कर पुढे पळायचं सोडून अंगावर येतं. त्याचा सुळा मांडीत घुसला तर काय होतं, ते ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारा.

रक्ताचा माग काढू म्हणाल, तर तोही नीट मिळत नाही. डुकराची चरबी जखमेचं तोंड बुजवते, त्यामुळे पुष्कळदा जमिनीवर थेंब पडत नाही. इथे माणसाचे डोळे संपतात. शिकवलेलं कुत्रं मात्र खुरांनी उकरलेल्या मातीच्या आणि जखमेच्या वासावर काही तासांनीही त्या जाळीपर्यंत नेतं. त्याला मोकळं सोडत नाहीत. लांब पट्ट्यावर धरून, बंदूकवाला मागे ठेवून, सावकाश चालायचं. जनावर सापडतं, एका गोळीत वेदनेतून सुटतं आणि माणूस आंधळेपणाने जाळीत शिरत नाही. स्वीडनमध्ये तर नियमच आहे: रानडुक्कर किंवा हरणासारख्या जनावरावर गोळी झाडली, तर जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेलं कुत्रं दोन तासांच्या आत त्या जागी पोहोचू शकलं पाहिजे.

हे वाचून कोणाला वाटेल की मी शिकारीला पुन्हा दार उघडा म्हणतो आहे. अजिबात नाही. कारवानी किंवा पश्मी जातीची शिकारी कुत्री सशामागे, काळविटामागे सोडणं हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. येवल्याकडे ममदापूरच्या काळविटांच्या माळावर तर मोकाट कुत्र्यांचाही बंदोबस्त व्हायला हवा. शिवाय कारवानी-पश्मी ही जात नजरेने पाठलाग करणारी. जाळीत हरवलेल्या जनावराचा माग काढायला तिचा उपयोग थोडाच. कामाचं नाक जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, मॅलिनॉइज अशा जातींकडे आहे, आणि तीच कुत्री देशातली वनखाती शिकाऱ्यांना पकडण्यासाठी वापरतात. वन्यजीव गुन्ह्यांसाठी श्वान प्रशिक्षणाचा असा कार्यक्रम आपल्या देशात २००८ पासून सुरू आहे. कर्नाटकात बांदीपूरच्या 'राणा' या जर्मन शेफर्डने वाघाचाही माग काढून दिला.

निफाड-सिन्नरच्या उसात भूल दिलेला किंवा जखमी बिबट्या शोधायलाही असं कुत्रं लागेल, पण तिथे फार जपून. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. म्हणून पट्टा हातातून सुटता कामा नये, आणि कुत्र्याआधी बंदुकीची तयारी हवी.

लसीकरणाचं तर सांगतोच. २०१८ मध्ये गीरचे काही सिंह कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या विषाणूच्या रोगाने मेले. जंगलात न्यायचं कुत्रं खात्याचं, नोंदणीचं आणि लस टोचलेलंच असावं, गावातलं उचलून नेलेलं नको.

मागणी मोठी नाही. नाशिकला दोन कुत्री, प्रत्येकाला दोन सांभाळणारे वनरक्षक, एक गाडी, आणि परवाना देतानाच 'बारानंतर पथकाला कळवणे बंधनकारक' अशी एक ओळ. सांभाळणाऱ्याची बदली कुत्र्यासोबतच व्हावी. माणूस हलला की कुत्र्याचं शिक्षण निम्मं वाया जातं. भात पुन्हा निसवायच्या आत कुत्री प्रशिक्षणाला गेली, तर पुढच्या हंगामापर्यंत पथक उभं राहील.

आपला,
पेठ तालुक्यातला एक भात-नागलीवाला शेतकरी